ब्लेक हॉलची तरुण शिक्षिका : ॲन ब्रॉन्टे

इंग्रजी साहित्याची आवड असलेल्या आमच्या वाचकांना शार्लट आणि एमिली ब्रॉन्टे ह्या भगिनींचा वेगळा परिचय करून देण्याची आवश्यकता नाही. 'जेन एअर' आणि 'वुदरिंग हाइट्स' ह्या त्यांच्या कादंबऱ्या आपल्याकडील महाविद्यालयांतूनही पिढ्यानपिढ्या वाचल्या गेल्या आहेत. तिसऱ्या भगिनीचे, धाकट्या ॲनचे, नाव मात्र बहुधा यादी पूर्ण करण्यापुरते घेतले जाते. आम्हांस येथे तिच्याचविषयी लिहावयाचे आहे, आणि त्यातही ती दुसऱ्यांच्या मुलांना शिकवीत होती त्या वर्षांविषयी अधिक. चारही भावंडांनी कधी ना कधी पोटासाठी शिकविण्याचे काम केले. परंतु परक्या घरातील ती नोकरी सर्वांत दीर्घकाळ जर कोणी निभावली असेल, तर ती सर्वांत लहान, सर्वांत अबोल आणि प्रकृतीने नाजूक असलेल्या ॲनने.

ॲनचा जन्म 17 जानेवारी 1820 रोजी इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील थॉर्नटन ह्या गावी झाला. वडील पॅट्रिक ब्रॉन्टे हे मूळचे आयर्लंडचे; अँग्लिकन चर्चचे धर्मगुरू. (त्या चर्चमध्ये धर्मगुरूंना विवाह करण्याची मुभा आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच.) ॲन काही महिन्यांची असतानाच त्यांची नेमणूक हॉवर्थ ह्या डोंगरावरील गावी झाली आणि ते कुटुंब तेथील धर्मगुरुनिवासात राहावयास गेले. निवासाच्या दारासमोरच दफनभूमी होती. ते गाव किती अनारोग्यकारक होते ह्याची कल्पना 1850 सालच्या सरकारी पाहणीवरून येते : तेथे मृत्यूचे सरासरी वय 26 वर्षांहूनही कमी भरले आणि शंभरांतील चाळिसांहून अधिक बालके सहा वर्षांची होण्यापूर्वीच दगावत होती. सप्टेंबर 1821 मध्ये ॲनची आई निवर्तली. आईच्या जागी मावशी, एलिझाबेथ ब्रॅनवेल, उभी राहिली आणि तिनेच ॲनला वाढविले. 1825 मध्ये मारिया आणि एलिझाबेथ ह्या दोन थोरल्या बहिणी शाळेतून आजारी होऊन घरी आल्या आणि काही आठवड्यांच्या अंतराने मरण पावल्या. उरली चार भावंडे : शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन.

ह्या घरात पुस्तके होती, वर्तमानपत्रे होती, कल्पनेचे अवघे साम्राज्य होते. पैसा मात्र नव्हता. वडिलांच्या पश्चात ते निवासस्थानही सोडावे लागणार होते. मध्यमवर्गीय, शिकलेल्या, अविवाहित मुलीला अब्रूने मिळविता येईल असा पैसा त्या काळी जवळजवळ एकाच मार्गाने मिळत असे. तो मार्ग म्हणजे श्रीमंत कुटुंबात राहून त्यांच्या मुलांना शिकविणे. अशा शिक्षिकेला 'गव्हर्नेस' म्हणत. 1851 च्या जनगणनेत इंग्लंडमध्ये अशा वीस हजारांहून अधिक स्त्रियांची नोंद झाली. आपल्याकडे 'बाई' ह्या एका शब्दात शिक्षिकेविषयीचा धाक आणि जिव्हाळा दोन्ही येतो. गव्हर्नेसच्या वाट्याला ह्यातील काहीच निश्चितपणे येत नसे. ती नोकरांच्या पंगतीत बसणारी नव्हती आणि मालकांच्या पंगतीत तिला स्थान नव्हते. मुले झोपल्यावर ती आपल्या खोलीत एकटी बसून त्यांचेच कपडे शिवीत असे.

ॲनचे शालेय शिक्षण मिरफील्डजवळील रो हेड येथे, मिस वूलर ह्यांच्या शाळेत झाले. तेथे 1837 च्या अखेरीस ती गंभीर आजारी पडली. शरीराच्या दुखण्याबरोबर मनाचेही दुखणे होते. देवाने काही मोजके जीव तारणासाठी आधीच निवडले आहेत आणि उरलेल्यांचा विनाश ठरलेला आहे, ही कॅल्विनपंथी शिकवण त्या काळी अनेक प्रवचनांतून ऐकू येई, आणि सतरा वर्षांच्या त्या मुलीला आपण नाकारलेल्यांपैकी तर नसू ना, ह्या भयाने ग्रासले होते. तिने भेटीसाठी मोरेव्हियन पंथाच्या जेम्स ला ट्रोब ह्या धर्मसेवकाला बोलाविले, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. कारण वडील स्वतः धर्मगुरू असताना तिने परक्या पंथाच्या माणसापाशी मन मोकळे केले. तो अनेकदा आला, देवाच्या क्षमाशील प्रेमाविषयी तिच्याशी बोलला, आणि तिला दिलासा मिळाला. ह्या प्रसंगाचा धागा तिच्या पुढील आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसतो.

एप्रिल 1839 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ॲन पहिल्या नोकरीवर निघाली. सोबत कोणी येऊ नये असा तिचाच आग्रह होता. एकटी गेल्यास अंगी धीर अधिक येईल असे तिला वाटत होते. घरातील धाकटे शेंडेफळ म्हणून जिला सर्वांनी जपले, तिचा हा निश्चय पाहून बहिणी चकित झाल्या. ती गेली ते घर म्हणजे मिरफील्ड येथील ब्लेक हॉल, इंगहॅम कुटुंबाची प्रशस्त हवेली. भोवती झाडी, हिरवळ, फुलबागा. हाती आली सहा वर्षांचा कन्लिफ आणि पाच वर्षांची मेरी ही दोन थोरली मुले. त्यांच्याहून लहान भावंडे दाईच्या ताब्यात होती.

ॲनने घरी धाडलेल्या वृत्तान्तावरून शार्लटने आपल्या मैत्रिणीला जे कळविले, त्यातून पहिल्याच आठवड्याचे चित्र स्पष्ट होते. मालकीणबाई स्वभावाने चांगल्या होत्या. मुलांना मात्र धड वाचता येत नव्हते. मुळाक्षरेही पक्की नव्हती. घरात त्यांचे अतोनात लाड होत आणि शिस्त हा शब्द त्यांनी ऐकलेला नव्हता. शिक्षिकेला शिक्षा करण्याची सक्त मनाई होती. मूल वाह्यातपणा करू लागले, तर तिने आईकडे तक्रार न्यावी असे सांगण्यात आले होते. दर तासाला तक्रार घेऊन कोण जाणार? त्यामुळे ॲनच्या हाती समजावणे, रागावणे, धमकावणे आणि पुन्हा समजावणे एवढेच उरले.

शिक्षकी पेशातील वाचकांच्या लक्षात येईल की ह्या व्यवस्थेत खोट कोठे होती. जबाबदारी पूर्ण आणि अधिकार शून्य, अशी ती व्यवस्था होती. मुले धडा शिकली नाहीत तर दोष शिक्षिकेचा; तिने धाक दाखविला तरीही दोष शिक्षिकेचाच. आणि मुलांना हे फार लवकर कळते! ह्या बाईला रागावण्यापलीकडे काही करता येत नाही, हे एकदा ध्यानी आले की सहा वर्षांचे मूलही त्या जाणिवेचा पुरेपूर वापर करते.

इंगहॅम कुटुंबाच्या पुढील पिढ्यांत एक गोष्ट सांगितली जात असे. एके दिवशी आईने खोलीत येऊन पाहिले, तो दोन्ही मुले टेबलाच्या पायाला बांधलेली, आणि त्यांची शिक्षिका शेजारी बसून लिहिण्यात गढलेली. गोष्ट कौटुंबिक परंपरेतून आली आहे, तेव्हा तिच्यात पदरची भर किती हे ज्याने त्याने ठरवावे. ती खरी असेल तर ॲनचे कृत्य समर्थनीय होते असे आम्ही म्हणणार नाही. तथापि, ज्या दिवशी एवढी शांत मुलगी दोरी हाती घेते, त्या दिवसापूर्वी कित्येक दिवस तिने कसे काढले असतील, ह्याचाही विचार व्हावयास हवा. 1839 च्या नाताळाच्या सुमारास तिला नोकरीवरून कमी करण्यात आले. मुलांची प्रगती समाधानकारक नाही, असे मालकांचे मत पडले.

ब्लेक हॉलचा हा अनुभव पुढे ॲनच्या 'ॲग्नेस ग्रे' ह्या पहिल्या कादंबरीच्या आरंभीच्या प्रकरणांत आला. कादंबरी ही कादंबरीच असते; ब्लूमफील्ड कुटुंब म्हणजे हुबेहूब इंगहॅम कुटुंब असे मानणे अन्यायाचे होईल. तरीही शार्लटची चरित्रकार मिसेस गॅस्केल ह्यांनी नमूद केले आहे की, गव्हर्नेस म्हणून ॲनला आलेले अनुभव त्या पुस्तकात बऱ्याच अंशी जसेच्या तसे उतरले आहेत. त्यातील एक प्रसंग वाचकांच्या मनातून सहसा जात नाही. घरातील सात वर्षांच्या मुलाला, टॉमला, पक्ष्यांचे हाल करण्यात आनंद वाटतो. पाय कापावे, पंख उपटावे, मग जीव घ्यावा, असा त्याचा बेत असतो. वडिलांना त्यात गैर दिसत नाही आणि मामा तर त्याला प्रोत्साहनच देतो. एकदा तो पिलांनी भरलेले घरटे घेऊन येतो. ती पिले आपल्या हातून सुटणार नाहीत हे ॲग्नेसला कळून चुकते. तेव्हा ती एक मोठा दगड उचलते आणि त्या पिलांना एका क्षणात ठार करते, म्हणजे त्यांच्या वाट्याला पुढील यातना येऊ नयेत. मुलाची आई तिलाच बोल लावते. मुलाच्या करमणुकीत विघ्न आणले, हा तिचा अपराध! प्राणी माणसाच्या सोयीसाठीच निर्मिले आहेत, असे त्या आईचे तत्त्वज्ञान. शिक्षिका मात्र पवित्र शास्त्रातील दयेची आठवण करून देऊ पाहते आणि गप्प केली जाते.

हा प्रसंग अतिशयोक्त आहे असे काही समीक्षकांस वाटले. मिसेस गॅस्केल ह्यांनी शार्लटपाशी हा विषय काढला, तेव्हा शार्लटने सांगितले की, प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या माणसांच्या स्वभावाची काळी बाजू गव्हर्नेस झाल्यावाचून कोणालाही कळणार नाही. मूल जन्मतः क्रूर नसते. घरातील वडीलधारे ज्याकडे हसून पाहतात, ते करावयास ते शिकते. ॲनच्या निरीक्षणाचा रोख मुलांपेक्षा त्यांच्या मोठ्यांवर अधिक आहे, आणि आमच्या मते तिच्या ह्या लहानशा पुस्तकाचे खरे बळ त्यातच आहे.

पहिल्याच ठिकाणी असे अपयश आल्यावर दुसरी एखादी मुलगी घरीच राहिली असती. ॲनने मे 1840 मध्ये पुन्हा नोकरी पत्करली, आणि ती घरापासून कितीतरी दूर. यॉर्क शहरापलीकडील थॉर्प ग्रीन ही रॉबिन्सन कुटुंबाची जमीनदारी होती. मालक एडमंड रॉबिन्सन ह्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतलेली होती, पण राहणी श्रीमंत जमीनदाराची. लिडिया, एलिझाबेथ आणि मेरी ह्या मोठ्या होत चाललेल्या तीन मुली आणि एडमंड हा मुलगा असे विद्यार्थी होते. वर्षाला 40 पौंड पगार. येथेही आरंभी सारे बिकटच होते. 1841 मध्ये लिहिलेल्या एका खासगी टिपणात ॲनने ही जागा आपल्याला आवडत नाही आणि बदलावीशी वाटते, असे मोकळेपणाने नमूद केले आहे. तिच्या प्रार्थनापुस्तकाच्या अखेरच्या पानावर, बारीक अक्षरांत, पेन्सिलीने, माणसांच्या किळसवाण्या वागण्याचा वीट आल्याची नोंद सापडते. प्रार्थनापुस्तकात असे लिहावे लागले, ह्यातच तिचा एकाकीपणा आला.

आणि तरीही ती पाच वर्षे टिकली. कशी टिकली ह्याचा हिशेब मांडणे कठीण आहे. ती मुलींना संगीत आणि चित्रकला शिकवी, मुलाला लॅटिन शिकवी. त्यासाठी स्वतः आधी अभ्यास करी. रॉबिन्सन कुटुंब उन्हाळ्यात समुद्रकाठच्या स्कारबरो गावी जात असे, तेव्हा ॲनलाही सोबत नेत. डोंगरात वाढलेल्या ॲनला तो समुद्र आयुष्यभर प्रिय वाटला. मुलींनी तिला एक स्पॅनियल जातीची कुत्री भेट दिली. तिचे नाव फ्लॉसी. ज्या मुली आरंभी तिला जुमानीत नव्हत्या, त्या हळूहळू आपल्या अडचणी तिच्यापाशी बोलू लागल्या. आई त्यांच्यासाठी धनवान स्थळे शोधीत होती. ॲन त्यांना विवाहासारख्या गोष्टीत मनाचा आणि सदसद्विवेकाचा कौल घ्यावयास सांगत होती.

ह्या वर्षांत घरी मृत्यूची फेरी पुन्हा सुरू झाली. हॉवर्थचे तरुण सहाय्यक धर्मगुरू विल्यम वेटमन हे आजाऱ्यांच्या भेटी घेताना पटकीने आजारी पडून सप्टेंबर 1842 मध्ये वारले. ॲनच्या काही कवितांतील शोक त्यांच्याविषयीचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढील महिन्यात, 29 ऑक्टोबर रोजी, मावशी गेली.

जानेवारी 1843 मध्ये ॲनच्या शब्दावर भाऊ ब्रॅनवेल ह्याला एडमंडचा शिक्षक म्हणून थॉर्प ग्रीन येथे नोकरी मिळाली. अत्यंत बुद्धिमान, पण मनाने दुबळा असा हा मुलगा कोठे स्थिर होत नव्हता. बहिणीने त्याच्यासाठी वाट काढली आणि तीच वाट त्याच्या नाशाची ठरली. मालकीणबाईंशी त्याचे अनुचित संबंध जडल्याचे पुढे त्यानेच सांगितले. ॲनने काय पाहिले, किती पाहिले, हे तिने उघडपणे कधी लिहिले नाही. मनुष्यस्वभावाचे अत्यंत अप्रिय आणि स्वप्नातही न आलेले अनुभव येथे आले, एवढेच तिने 1845 च्या टिपणात म्हटले आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये तिने स्वतः राजीनामा दिला. जुलैमध्ये ब्रॅनवेलला काढून टाकण्यात आले. त्यानंतर मद्य आणि अफू ह्यांच्या आहारी जाऊन तो घरातच खचत गेला, आणि ज्या बहिणीने त्याला तेथे नेले होते ती रोज ते पाहत राहिली.

लेखनाचा वृत्तान्त थोडक्यात सांगतो. मावशीने ठेवलेल्या पैशांतून तिघी बहिणींनी 1846 मध्ये करर, एलिस आणि ॲक्टन बेल ह्या टोपणनावांनी कवितासंग्रह काढला. पहिल्या वर्षात त्याच्या दोन प्रती खपल्या. डिसेंबर 1847 मध्ये 'ॲग्नेस ग्रे' प्रसिद्ध झाली, पण एमिलीच्या 'वुदरिंग हाइट्स'सोबत, तीन खंडांपैकी शेवटचा खंड म्हणून. थोडे आधी निघालेल्या 'जेन एअर'चा गाजावाजा चालू होता. शांत स्वरातील ॲग्नेसकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. वास्तविक, गव्हर्नेसची कहाणी ॲनने लिहावयास घेतली ती शार्लटच्या आधी.

जून 1848 मधील 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' ह्या दुसऱ्या कादंबरीने मात्र खळबळ उडविली. मद्यपी, दुराचारी पती आपल्या लहान मुलाला बिघडवीत आहे हे पाहून एक पत्नी मुलाला घेऊन घर सोडते आणि चित्रे विकून पोट भरते, अशी ती कथा आहे. तेव्हाच्या इंग्रजी कायद्याने विवाहित स्त्रीची कमाईसुद्धा पतीच्या मालकीची होती. 1870 पर्यंत त्यात बदल झाला नाही. पुस्तक खपले, पण विषय अशिष्ट ठरविला गेला. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ॲनने शांतपणे उत्तर दिले : जे सत्य आहे आणि ज्यापासून एखादा तरुण सावध होऊ शकेल, ते झाकून ठेवणे तिला मान्य नव्हते. थॉर्प ग्रीन आणि ब्रॅनवेलची खोली तिच्या डोळ्यांसमोर होती, हे वेगळे सांगावयास नको. ॲनच्या मृत्यूनंतर शार्लटने ह्या कादंबरीचे पुनर्मुद्रण होऊ दिले नाही. बहिणीच्या नावाला जपण्याचा तिचा हेतू असेल. पण ॲन दीर्घकाळ विस्मरणात राहिली त्याचे हे एक मोठे कारण होय, असे आम्हांस वाटते.

ह्याच कादंबरीत ॲनने रो हेड येथील भयाला उत्तर दिले आहे. कोणताही आत्मा कायमचा नष्ट व्हावा म्हणून देवाने निर्मिलेला नाही. शुद्धीकरण कितीही दीर्घ असले, तरी अखेर सर्वांचे तारण होईल, अशी तिची धारणा होती. ह्याच मताचे लिव्हरपूलचे धर्मसेवक डेव्हिड थॉम ह्यांच्याशी तिचा पत्रव्यवहारही झाला. सर्वांचे तारण निश्चितच होईल असे आपली कॅथलिक ख्रिस्तसभा शिकवीत नाही. सर्वांच्या तारणासाठी आशेने प्रार्थना मात्र करते, आणि कोणी विनाशासाठीच नेमलेला असतो ही शिकवण ती नाकारते. ॲनने थॉम ह्यांना पत्र लिहिले ते 30 डिसेंबर 1848 रोजी. ही तारीख ध्यानी घेण्यासारखी आहे. 24 सप्टेंबर रोजी ब्रॅनवेल मरण पावला होता. 19 डिसेंबर रोजी एमिली गेली होती. ॲनच्या स्वतःच्या छातीतही तोच क्षय होता.

त्याच डिसेंबरात हॉवर्थच्या निवासाच्या दारात दोन तरुण स्त्रिया येऊन उभ्या राहिल्या. त्या एलिझाबेथ आणि मेरी रॉबिन्सन होत्या. ॲनने नोकरी सोडल्यानंतर काही काळाने त्यांनी तिला पुन्हा पत्रे लिहावयास प्रारंभ केला होता. आईने ठरविलेल्या विवाहांविषयी त्या आपल्या जुन्या शिक्षिकेचाच सल्ला घेत. रॉबिन्सन घराण्यामुळे ब्रॅनवेलचा नाश झाला अशी ब्रॉन्टे कुटुंबाची ठाम समजूत होती, आणि त्याला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. त्या दोघी लहान मुलींसारख्या ॲनला बिलगून राहिल्या आणि ती शांतपणे त्यांच्याकडे पाहत होती, असे शार्लटने आपल्या पत्रात कळविले आहे.

जानेवारी 1849 मध्ये लीड्सहून आलेल्या डॉक्टरांनी ॲनच्या आजाराचे निदान केले. तिने औषधे मुकाट्याने घेतली. समुद्र पुन्हा पाहावा एवढी इच्छा तिला होती, आणि धर्ममातेने तिच्या नावे ठेवलेल्या 200 पौंडांमुळे ती पुरी होऊ शकली. 24 मे रोजी शार्लट आणि मैत्रीण एलन नसी ह्यांच्यासमवेत ती निघाली. वाटेत यॉर्कचे भव्य कॅथीड्रल पाहिले. स्कारबरोला पोहोचल्यावर, 26 मे रोजी, ती वाळूवर गाढवाच्या गाडीतून फिरावयास गेली. गाडी हाकणारा मुलगा गाढवाला फार पळवील ह्या चिंतेने तिने लगाम स्वतःच्या हाती घेतले, आणि मुक्या प्राण्याला नीट वागव, असे त्या मुलाला समजावून सांगितले. पुरते चालण्याचेही बळ तिच्यात उरलेले नव्हते.

28 मे रोजी दुपारी दोनच्या सुमारास ॲनने प्राण सोडला. वडिलांनी वर्षभराच्या आत तिसऱ्यांदा आपल्या मुलाची अंत्ययात्रा पाहू नये, म्हणून शार्लटने तिला स्कारबरोलाच, किल्ल्याखालील सेंट मेरी चर्चच्या आवारात, समुद्र दिसेल अशा ठिकाणी पुरले. ब्लेक हॉल 1954 मध्ये पाडण्यात आला. कबरीवरील शिळा अजून आहे. खाऱ्या वाऱ्याने तिच्यावरील अक्षरे झिजली आहेत. तिच्यावर चुका राहून गेल्या होत्या, त्या शार्लटने तीन वर्षांनी येऊन दुरुस्त करून घेतल्या, परंतु वय मात्र 28 असेच राहिले. ॲन 29 वर्षांची होती. अलीकडे ब्रॉन्टे सोसायटीने शेजारी नवा फलक बसविला, त्यावर वय बरोबर आहे.